आधारस्वराची बिदागी

लग्नमंडपात अथवा ग्रामदेवतेच्या उत्सवात जे संगीत वाजते ते ऐकण्याच्या हेतूने तेथे सहसा कोणी आलेला नसतो, आणि तरीही ते मध्येच थांबले तर जेवणाऱ्यापासून दक्षिणा मोजणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला काही तरी राहून गेल्याची जाणीव होते. अशा संगीतात जो सर्वांत खालचा सूर धरून बसतो त्याची अवस्था याहूनही विलक्षण म्हटली पाहिजे. कारण मंडपाला निदान गाणे चालू असल्याचे ठाऊक असते, परंतु त्या गाण्याखाली एक मनुष्य आहे हे गाणाऱ्यालादेखील पुष्कळदा ठाऊक नसते.

तंजावरात हा प्रश्न आजचा नाही. येथील मंगलवाद्यांच्या मेळात नागस्वराच्या शेजारी ओत्तू नावाचे वाद्य असे. घडण नागस्वराचीच, परंतु बोटांसाठी छिद्रे नसलेली. खालच्या टोकाजवळची भोके मेणाने कमीअधिक बुजवून त्याचा षड्ज जुळवावयाचा, आणि वादकाने गालांत वारा साठवून, नाकाने श्वास घेत, तोच एक स्वर खंड न पडू देता चालू ठेवावयाचा. आपल्याकडे सनईच्या जोडीला सूर धरणारा जो बसतो त्याचाच हा दक्षिणेतील सगोत्री. आज कावेरीकाठच्या लग्नांत ओत्तूवाला क्वचित दृष्टीस पडतो. त्याची जागा प्रथम श्रुतिपेटीने आणि मागाहून विजेवर चालणाऱ्या एका लहानशा यंत्राने घेतली. ओत्तूवाल्याचा आजचा वारस कोण, असे मला कोणी विचारले तर मी लग्नांतून आणि जत्रांतून वाजविणाऱ्या ऑर्केस्ट्रातील बेस गिटारवाल्याकडे बोट दाखवीन. असा एक तरुण तंजावरच्या मनोजिअप्पा वीथीशी नाते सांगणाऱ्या एका मराठी कुटुंबात आहे, आणि त्याचे चुलते त्याच्या या उद्योगाचे कडवे विरोधक आहेत. दोघांचा वाद मी बसून ऐकला आहे. त्यांची बोली तंजावरी मराठी, जिच्यात तमिळ शब्द आणि दोनतीनशे वर्षांपूर्वीची मराठी रूपे एकाच वाक्यात सुखाने नांदतात. वाचकांच्या सोयीसाठी येथे ती ग्रंथभाषेत उतरविली आहे.

चुलते कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले, मोडी वाचणारे, भजनसंप्रदायात वाढलेले आहेत. पुतण्या दिवसा खतांच्या एका दुकानाचे हिशेब लिहितो आणि सायंकाळी वाद्य खांद्यावर टाकून व्हॅनमध्ये बसतो.

काकांचा पहिला आक्षेप श्रोत्याविषयीचा होता. "संगीताला दोन पाय असतात," ते म्हणाले, "एक गाणाऱ्याचा आणि दुसरा ऐकणाऱ्याचा. येथून जवळच तिरुवैयारूला त्यागराजस्वामी राहिले. सरफोजी महाराजांनी त्यांना दरबारात बोलाविले, आणि धनापेक्षा रामाची सेवा श्रेष्ठ मानून ते गेले नाहीत, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. राजाच्या सदरेवरही ज्यांना गावेसे वाटले नाही त्यांच्या गावाशेजारी तू केळीच्या पानावर सांबार वाढून घेणाऱ्या लोकांपुढे वाजवितोस, आणि त्याचे पैसे घेतोस. याला मी रोजगार म्हणेन. विद्या म्हणणार नाही."

"काका, तुम्ही रात्रीचे रिसेप्शन तेवढे पाहिलेत," पुतण्या म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच मंडपात नागस्वर वाजते, ते कोण ऐकतो? ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधण्याच्या क्षणी कोणी बोट उचलून खूण केली की गेट्टीमेळम सुरू होतो, दोन्ही तवील ढोल आणि नागस्वर एकदम उसळतात, आणि ते अशासाठी की त्या घटकेला एखादी शिंक किंवा अशुभ शब्द कोणाच्या कानी पडू नये. तेथे राग कोणता हे कोणी विचारीत नाही. मग तेही संगीत नव्हे काय?"

"तो विधी आहे. विधीतील वाद्याला श्रोता देव असतो."

"आणि उत्सवाच्या रात्री मारियम्मनच्या देवळापुढे आम्ही वाजवितो तेव्हा देव उठून जातो काय?"

या प्रश्नाला काकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी विषय बदलला, आणि ते वादातले त्यांचे पहिले मागे सरणे होते असे मला वाटते. त्यागराजांचा दाखला उदात्त आहे, परंतु तो ज्याच्यापाशी उंछवृत्तीचे धैर्य आणि रामासारखा श्रोता दोन्ही होते अशा एकाचा दाखला आहे. त्यावरून साऱ्या वाजविणाऱ्यांचा कायदा करणे न्याय्य नाही. शिवाय त्याच तिरुवैयारूत पौष वद्य पंचमीच्या आराधनेला त्यागराजांच्या पंचरत्न कृती म्हणण्यासाठी जो समुदाय बसतो त्यात नामांकित गवयांच्या मांडीला मांडी लावून हौशी माणसेही बसतात, आणि कोणाचा कंठ कसा लागला याची झडती तेथे कोणी घेत नाही.

दुसरा आक्षेप वाद्याच्या परकेपणाचा. तो काकांनी पुरा मांडण्यापूर्वीच पुतण्याने व्हायोलिनचे नाव घेतले. रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बालुस्वामी मद्रासेस एका युरोपीय वादकापासून ते वाद्य शिकले. तंजावरच्या चार नट्टुवनार (नृत्यगुरू) बंधूंपैकी वडिवेलूंनी ते असे आत्मसात केले की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन बहाल केले. आणि आज त्या वाद्याशिवाय कर्नाटक संगीताची बैठक सहसा मांडली जात नाही. "आणि दरबारी बँड कोणी ठेविला?" त्याने विचारले. काका यावर प्रसन्नच झाले, कारण सरफोजी महाराजांचा विषय निघाला की त्यांना विरोधी पक्षात राहणे जमत नाही. १७९८ साली गादीवर बसलेल्या आणि दुसऱ्याच वर्षीच्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीच्या हवाली करून सालिना एक लक्ष होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढ्यावर राहिलेल्या या राजाने, सत्ता किल्ल्यापुरती उरली असता, ग्रंथालय वाढविले, देवेंद्र कोरवंजीसारख्या मराठी नाट्यप्रबंधातून भूगोल शिकविला, आणि युरोपीय वाद्यांचा बँडही बाळगला. त्यांनी जमविलेली पाश्चात्त्य संगीताची पुस्तके सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

"परंतु त्या बँडात खालचा सूर कोण वाजवीत होते, त्यांची नावे तुला ठाऊक आहेत काय?" काकांनी विचारले. "मलाही नाहीत. माझा खरा आक्षेप तोच आहे. वाद्य परके असो वा नसो, ज्याचे काम ऐकूच येत नाही असे वाद्य तू का पत्करलेस?"

येथून वाद खरा रंगला, कारण पुतण्याला पहिल्यानेच आपल्या कामाविषयी बोलण्याची संधी मिळाली.

"ऐकू येत नाही असे नाही, काका, कोठे ऐकू येईल हे सांगता येत नाही. माझ्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा आहे, आणि त्याची लहर आठ मीटरांहून लांब. ती भिंतीवर आदळून परतते, तेव्हा मंडपात एके ठिकाणी छातीला धक्के बसतात आणि चार पावलांवर तोच स्वर नाहीसा होतो. व्यासपीठावर मी उभा असतो तेथे मला जे ऐकू येते ते पंगतीत ऐकू येणाऱ्यापेक्षा निराळे असते. म्हणून मंडप रिकामा असतानाच मी एकदा तारा छेडीत सारा फिरून येतो, आणि माणसे भरली की आवाज किती शोषला जाईल याचा अजमास करून ठेवतो. ते चुकले तर कोणी 'बेस कमी आहे' असे म्हणत नाही. 'आज गाणे उभे राहिले नाही' एवढेच म्हणतात."

मग तो वर्षाविषयी बोलला, आणि माझ्या दृष्टीने ती माहिती सिद्धांतापेक्षा मोलाची होती. तमिळ पंचांगातील तै महिना लागला की लग्नांचा हंगाम सुरू होतो, आणि एका रात्री कुंभकोणम तर दुसऱ्या रात्री पट्टुकोट्टै अशी धावपळ चालते. उन्हाळ्यात गावोगावच्या देवळांचे उत्सव येतात. आडी महिन्यात लग्ने नसतात, परंतु अम्मनच्या देवळांतून कांजीचे वाटप आणि रात्री कार्यक्रम असतो, म्हणून चूल बंद पडत नाही. ऐप्पसीत ईशान्येचा पाऊस सुरू झाला की उघड्यावरील व्यासपीठे ओस पडतात. आणि मार्गळीत लग्ने नाहीत, मद्रासेस संगीतसभांचे महोत्सव भरलेले असतात, तेथे बेस गिटारला कोणी विचारीत नाही. त्या महिन्यात तो वाद्याच्या तारा उतरवून पुसतो, आणि दुकानाच्या वह्या वेळेवर पुऱ्या करतो. सुपारी ठरते ती ऑर्केस्ट्राच्या मालकाशी. विसार मालकाच्या हाती पडतो. आणि वादकाच्या हाती बिदागी येते ती पहाटे, व्हॅनमध्ये, सामान भरून झाल्यावर.

"आणि वाजवितोस काय? तेच तेच?"

"बहुतेक संगीतकार इळैयराजांची गाणी. काका, हा मनुष्य कोणत्या शाळेतून आला हे लक्षात घ्या. थोरले बंधू पावलर वरदराजन यांच्या मेळ्याबरोबर तो लहान वयात गावोगावच्या उघड्या व्यासपीठांवर वाजवीत हिंडला, आणि १९७६ साली 'अन्नक्किळि' चित्रपटाने त्याचे नाव झाले. त्याने खालच्या सुराला जी ओळ दिली ती मूळ चालीची सावली नाही. ती स्वतंत्र चाल आहे. या मुलखातील रिक्षावाला गाण्याच्या शब्दांऐवजी ती ओळ गुणगुणताना मी ऐकला आहे. खालचा सूर लोकांना ऐकू येत नाही हे मग कसे खरे?"

काकांनी हे मान्य केले, परंतु ते सोडून देण्यास तयार नव्हते. "ती ओळ रचणारा एक, आणि ती रात्री अकराला जत्रेत परत वाजविणारा दुसरा. जे एकदा ध्वनिमुद्रित झाले तेच तू वाजवितोस. मग यंत्राने वाजविले तर काय बिघडले? तुझे मालकही तेच करतात, असे तू मागे म्हणालास."

पुतण्याच्या चेहऱ्यावरून हा घाव वर्मी लागल्याचे दिसले. यजमानाने रक्कम कमी करण्यास सांगितले की ऑर्केस्ट्रातून प्रथम जो वगळला जातो तो बेसवाला. कीबोर्ड वाजविणाऱ्याचा डावा हात त्याचे काम उरकतो, किंवा सारी साथ आधीच भरलेली ध्वनिफीत लावली जाते आणि तिच्यावर गायक तेवढा गातो. अशी गच्छंती त्याच्या वाट्याला आलेली आहे, आणि ती त्याला आदल्या दिवशी सायंकाळी कळली होती.

"काय बिघडते ते सांगतो," तो म्हणाला. "रिसेप्शनमध्ये कधी ना कधी वराचा मामा व्यासपीठावर येतो. त्याला गाणे येत असते, परंतु ते त्याच्या स्नानगृहात येत असते. तो मूळ पट्टीहून दीड सूर खाली धरतो, पहिल्या कडव्यानंतरचे वाद्यसंगीत त्याच्या ध्यानी राहत नाही, आणि दोन मात्रा आधीच तो अंतऱ्यात शिरतो. ध्वनिफीत थांबत नाही. ती आपल्या वाटेने जाते, आणि भरल्या मंडपात तो मनुष्य उघडा पडतो. आम्ही असलो तर मी त्याच्या ओठांकडे पाहत असतो. त्याने श्वास घेतला की मी खालचा स्वर बदलतो; कानाला गाण्याची जागा खालच्या स्वरावरून कळते, म्हणून मी सरकलो की कीबोर्ड सरकतो, ढोलक सरकतो, आणि लोकांना वाटते की गाणे असेच बांधलेले होते. मामा खाली उतरतो तो हसतमुखाने उतरतो. त्या घरात पुढे वर्षानुवर्षे त्याच्या गाण्याची आठवण निघेल. माझी निघणार नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. परंतु जो माणसाच्या मागे जाऊ शकतो त्याच्या जागी जे जाऊ शकत नाही ते बसवून, काम तेच झाले असे म्हणू नये."

मला वाटते, साथसंगतीचे याहून नेमके वर्णन मी फार थोड्या वेळा ऐकले आहे. आपल्या शाहिरांमागचा झीलकरी, तमाशातील सुरत्या, कीर्तनकाराच्या मागे उभा राहून ध्रुपद उचलणारा, यांचे कसब ते हेच: पुढच्याचा दम कोठे संपणार हे त्याच्या आधी ओळखून तेथे आपला सूर पसरून ठेवणे.

काका बराच वेळ गप्प होते. मग ते बोलू लागले ते पुतण्याच्या बाजूने, आणि असे काही बोलले की जे पुतण्याला स्वतःला सुचले नव्हते.

"यंत्र आले की काय जाते ते ओत्तूवरून पाहा," ते म्हणाले. "ओत्तू तुझ्यासारखा मागे जात नसे, त्याला एकच स्वर. म्हणून पेटी आली तेव्हा सर्वांनी म्हटले, काही बिघडले नाही. तिरुवावडुदुरैच्या राजरत्नम पिळ्ळैंसारख्या थोर वादकाने तंबोरा पसंत केला, तो नादाच्या गोडीसाठी, आणि त्यांच्या अधिकाराविषयी मी काही म्हणणार नाही. परंतु ओत्तू धरीत कोण? पुष्कळदा वादकाचा मुलगा किंवा शिष्य. नरसिंगनपेट्टैच्या कारागिराने जुन्या अंजनाच्या लाकडातून घडविलेले ते नळकांडे तोंडाला लावून तो पोर रात्रभर गुरूच्या शेजारी, हातभर अंतरावर, बसत असे. गुरू तोडी कशी उघडतो, कोठे थांबतो, मिरवणुकीच्या मल्लारीत कोणत्या चालीने पावले पडतात, हे सारे त्याच्या कानात त्या एका सुरावर चढत जाई. त्याला शिकवणी कोणी दिली नाही. बसण्याची जागा दिली. पेटी आली आणि ती जागा गेली. स्वर राहिला, शाळा बंद पडली. नरसिंगनपेट्टैच्या नागस्वराला २०२२ साली सरकारदरबारी भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मला आनंद आहे. परंतु लाकडाला सनद मिळाली म्हणून ते फुंकणारा पोर कोठून येणार?"

पुतण्या म्हणाला, "मी तसाच आलो. आमच्या आधीच्या बेसवाल्याच्या वायरी मी गुंडाळीत असे."

"आणि तुझ्या वायरी कोण गुंडाळतो?"

"एक मुलगा आहे, पूदलूरचा. शेवटची दोन गाणी मी त्याला वाजवू देतो. तोवर जेवणाची पंगत उठलेली असते."

"त्याला पैसे मिळतात?"

"मी माझ्यातून देतो."

येथे काका चिडले, आणि त्यांच्या रागाचा रोख पुतण्यावर होता तरी त्यातील न्याय निराळ्या दिशेचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवांनी महाराष्ट्रातून तंजावरात हरिकथा आणली आणि कृष्ण भागवतरांनी तिला साकी, दिंडी, ओवी, अभंग यांसह तमिळ मुलखाची करून टाकली, तेव्हा त्या कथेच्या मागे मृदंग घेऊन जे बसत ते नारायणस्वामी अप्पा आपल्याच मराठी समाजातले होते, याची त्यांनी आठवण करून दिली. साथीला बसणारा मनुष्य. तरीही मृदंगाच्या तंजावरी परंपरेत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. मृदंगाच्या डाव्या तोंडावर रवा भिजवून थापावयाचा आणि खालचा नाद मिळवावयाचा, हे कामही ऐकणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. परंतु ज्यांनी बोलाविले त्यांनी त्यांना नावानिशी बोलाविले. "भोसल्यांच्या मोडी दप्तरात कलावंतांना दिलेल्या रकमांच्या नोंदी आहेत. राज्य बुडत आलेले असतानाही कोणाला काय दिले हे लिहून ठेवण्याची शिस्त त्या कारकुनांना होती. तुझा मालक पहाटे व्हॅनमध्ये नोटा मोजतो. हा व्यवहार झाला काय?"

"सगळीकडे असाच चालतो, काका."

"सगळीकडे चालतो म्हणून तुला आदल्या सायंकाळी काढून टाकता आले. लेखी असते तर आले नसते."

मग त्या निवृत्त कारकुनाने कागद मागविला. लग्नात वाजविलेल्या संगीताला विद्या म्हणण्यास ते अजूनही राजी नव्हते, आणि त्यांनी ते त्याच वेळी पुन्हा बजावून सांगितले. परंतु रोजगार म्हटला की त्याला करारनामा हवा, या बाबतीत त्यांचा आग्रह असा होता की जणू इतका वेळ चाललेला वाद या एका कलमापाशी येण्यासाठीच चालला होता. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: कार्यक्रमाचे स्थळ व तारीख, वादकाचे नाव, बिदागीची रक्कम आणि ती कोणाच्या हाती, केव्हा पोहोचावी, रात्री दहानंतर वाजवावे लागल्यास जादा आकार, जेवण व परतीचा प्रवास, साहाय्यक मुलाची बिदागी स्वतंत्र, वादकाच्या रकमेतून वजा न करता. व्यासपीठावरून निवेदक वादकांची ओळख करून देतो तेव्हा बेसवाल्याचेही नाव घ्यावे, हे कलमही त्यांनी घातले. पुतण्याने ते ठेवू दिले, मात्र त्या वेळी वाद्यावर करामत करून दाखविण्याची सक्ती नसावी एवढी पुरवणी जोडण्यास सांगितले. नाव घेतले की त्याला जे वाजत असेल तेच वाजवीत राहावयाचे असते.

शेवटच्या कलमावर मात्र दोघांचे बिनसले. वादकाच्या जागी यंत्र अथवा ध्वनिफीत योजावयाची झाल्यास आठ दिवस आगाऊ कळवावे, न कळविल्यास अर्धी बिदागी द्यावी, असे काकांनी लिहिले होते. पुतण्याचे म्हणणे असे की हे कलम मालकाला नसलेली वाट दाखविते. आठ दिवस आधी कळविले की आपण मोकळे, असा त्याचा अर्थ होईल. काकांचे म्हणणे असे की जे कागदावर नाही त्याला कचेरीत संरक्षण नाही, आणि ती वाट मालकाला केव्हाच सापडलेली आहे. पुतण्याने ते कलम खोडले; काकांनी ते खाली पुन्हा लिहिले, आठाचे पंधरा दिवस केले, आणि मजकुरात 'अर्धी'च्या जागी 'पूर्ण' असा शब्द घातला.